पणजोबाचं नाव वाचायचंय: मोडीवाला गाठू, स्वतः शिकू की एआयला विचारू?

कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल हातात आली की वाटतं झालं काम, पण खरी कटकट तिथूनच सुरू होते. गाव नमुना १४ (त्याच वहीचं सरकारी नाव) चं जुनं पान मोडी लिपीत. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली आणि मग तिला लटकवून हात न उचलता सपासप लिहिलेलं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. मी तिन्ही उपाय करून बसलोय म्हणून सांगतो.

एआय फुकट आहे आणि दोन मिनिटात उत्तर देतो, तिथंच माणूस फसतो. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ ला, पण त्याने टाइप करता येतं, कुणाचं हस्ताक्षर वाचता येत नाही. माझ्या पानावरचा 'झिपरू' त्याने 'श्रीपती' करून दिला, तेही छातीठोक. 'सखू कोम दगा' म्हणजे दगाची बायको सखू, त्याचं केलं 'सखुको मदगा'. नवराबायको दोन्ही गायब भो!

मोडीवाचक भरवशाचा, पण मोडी येणं वेगळं आणि आपल्या खानदेशातली नावं कानावरून गेलेली असणं वेगळं. लेकरं जगत नाहीत म्हणून मुद्दाम ठेवलेलं उखर्डू, दगडू असलं नाव ज्याने ऐकलंच नाही तो तिथं अडतोच, माझ्या उखर्डूसमोर एका लांबच्या वाचकाने सरळ प्रश्नचिन्ह टाकलं (चुकीचं ठोकून दिलं नाही, तेवढं बरं). म्हणून धुळे-जळगावकडचा बघा, आणि पैसे पानावर की नोंदीवर ते आधीच बोलून घ्या.

स्वतः शिकायचं तर अख्खं पत्र वाचायला वेळ लागतो, पण नुसती नावं लावायला रोज तासभर बसलं तरी जमतं. युक्ती अशी की जे शब्द आधीच माहीत आहेत ते पकडायचे. पानाच्या डोक्यावर गावाचं नाव असतंच, अमळनेर असेल तर अ, म, ळ, न, र तिथंच मिळाले, मृत्यूच्या नोंदीत 'ताप', 'पटकी' (कॉलरा) परत परत येतं, 'बिन' आणि 'वल्लद' दिसलं की पुढे बापाचं नाव. ती अक्षरं कागदावर उतरवून त्याच हाताच्या नोंदींशी ताडायची, लिहिणारा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. आडनाव मात्र शोधत बसू नका, बऱ्याचदा नसतंच. आणि कागद १९०६ च्या आधीचा असेल तर जिल्हा नुसता खानदेश, पूर्व-पश्चिम नंतर झालं.

जात पडताळणीला कागद लावायचा असेल तर विचारच करू नका, सही-शिक्क्याचं लिप्यंतर लागतं, वाचकाकडेच जा. घरची वंशावळच करायची असेल तर मी म्हणेन स्वतः बसा, अडलेली चार-पाच नावंच वाचकाला दाखवा. एआयला मी आता फक्त पुसट फोटो उजळायला वापरतो, नाव विचारत नाही.

फोटो पाठवताना नुसतं नाव कापून पाठवू नका, अख्खं पान पाठवा, उन्हाच्या उजेडात, नाहीतर वाचकाला ताडून बघायला दुसरं अक्षरच राहत नाही.