अधू डाव्या हातासाठी व्यायामशाळा: दहा महिन्यांचा अनुभव

अकरा वर्षांपूर्वी भुसावळहून जळगावला परतताना मोटारसायकल घसरली आणि डाव्या कोपराच्या आतल्या बाजूने जाणारा माझा अल्नर मज्जातंतू चेचला गेला. शस्त्रक्रियेत तो मोकळा करून हाडाच्या पुढच्या बाजूला वळवण्यात आला, तरी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू आजही बधिर आहे, अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट झाला आहे आणि मुठीची पकड उजव्या हाताच्या मानाने बरीच कमी आहे. तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो आणि स्नायू दीडेक वर्ष त्याच्यावाचून राहिला, तर पुढे तो पुरता सावरत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांनी व्यायामाने हात पूर्ववत होईल, अशी आशा बाळगून मी गेलो नव्हतो. जे स्नायू शाबूत आहेत त्यांना बळ द्यावे, एवढाच हेतू होता.

मेहरूण तलावाच्या बाजूला असलेल्या या व्यायामशाळेत मी गेल्या ऑगस्टपासून जात आहे. त्यापूर्वी शहरातल्याच एका मोठ्या, वातानुकूलित ठिकाणी तीन महिन्यांचे पैसे भरले होते. तिथल्या ट्रेनरने पहिल्याच आठवड्यात मला कोपर टेकवण्याच्या तिरप्या बाकावर बसवून दंडाचा व्यायाम करायला लावले. कोपर पूर्ण दुमडले की हा तंतू ताणला जातो आणि त्यातच कोपराखाली कठीण गादी असेल, तर तो दाबलाही जातो, हे मी सांगत असताना ‘दुखल्याशिवाय अंग भरत नाही’ असे उत्तर मिळाले. पुढचे तीन आठवडे सदऱ्याची बटणे मी एका हाताने लावत होतो.

इथला ट्रेनर तालमीत वाढलेला, पारोळ्याकडचा तरुण आहे. त्याने आधी माझे नसांच्या तपासणीचे कागद आणि फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेली पथ्ये वाचली, न समजलेले शब्द विचारले आणि मगच “भाऊ, आपण रिकाम्या रॉडलाही आत्ता हात लावायचा नाही” असे सांगितले. नेहमीचा मोठा रॉड रिकामाच २० किलोंचा असतो. पकड निसटणाऱ्या हाताने तो छातीवर घेणे म्हणजे धाडस नव्हे, निव्वळ बेफिकिरी आहे. सुरुवातीचे दोन महिने सगळे काम केबलवर आणि हलक्या डंबेलवर, एकेका हाताने झाले.

माझ्या मते या जागेची खरी श्रीमंती तिच्या हलक्या वजनांत आहे. पुष्कळ ठिकाणी डंबेल ५ किलोंपासून सुरू होऊन अडीच-अडीचने वाढतात. म्हणजे पहिलीच पायरी दीडपट असते. निरोगी हाताला ती जाणवत नाही, पण माझ्या हाताला तिथेच झिणझिण्या सुटतात. इथे १ किलोपासून १० किलोंपर्यंत प्रत्येक किलोचा जोड आहे आणि केबल मशीनवर वाढीव ठेवण्यासाठी अर्ध्या किलोच्या चकत्याही मागितल्यावर आणून दिल्या. प्रत्येक सेट डाव्या हाताने सुरू करायचा आणि तो जितक्या वेळा उचलेल तितक्याच वेळा उजव्याने उचलायचे, हा नियम ट्रेनरने कटाक्षाने पाळला. झिणझिण्या काही मिनिटांत ओसरल्या तर वजन तेच ठेवायचे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत टिकल्या तर उतरवायचे, हे आम्ही एका वहीत तारखेसह लिहीत आलो. जोर मारताना तळहाताच्या बुडाशी दाब येऊ नये म्हणून जमिनीवर ठेवायच्या मुठी दिल्या, त्यामुळे मनगटही सरळ राहते. पाठीच्या व्यायामासाठी फक्त डाव्या हाताला पट्टा बांधतो. पकड सुटल्यामुळे पाठीचे काम अर्ध्यावर थांबत नाही. पट्ट्याशिवायची पकड वेगळी, शेवटी आणि थोडीच करतो. ऑगस्टमध्ये एका हाताने ४ किलो ओढत होतो, आता ११ ओढतो. रावेरला घरच्या बागेत केळीचा घड डाव्या खांद्यावर घेऊन उठता येते, याचे मला त्या आकड्यापेक्षा अधिक अप्रूप आहे. खोलगट भाग मात्र आहे तसाच आहे.

दोष सांगितलेच पाहिजेत. छत पत्र्याचे आहे आणि पश्चिमेच्या खिडकीला मेच्या मध्यापर्यंत पडदा नव्हता. जळगावचा पारा ४५ अंशांकडे गेला की दुपारनंतर त्या खिडकीजवळचे लोखंड तव्यासारखे तापते. बधिर करंगळीला ते कळले नाही आणि घरी हात धुताना फोड दिसला. तक्रार केल्यावर पडदा आला, पण तो आधीच असायला हवा होता. तेव्हापासून मी प्रत्येक मूठ आधी उजव्या हाताने चाचपतो. छाती दाबण्याच्या यंत्राचे दोन्ही दांडे एकत्र हलतात, त्यामुळे बलवान हात दुर्बळाचे काम नकळत ओढून नेतो. ते यंत्र माझ्यासाठी निरुपयोगीच ठरले. संध्याकाळी सहानंतर गर्दी इतकी असते, की हलके डंबेल कोणीतरी दार अडवायला वापरलेले सापडतात आणि ट्रेनरला वही उघडायलाही सवड नसते. सकाळी साडेसहाची वेळच खरी.

तीन महिन्यांचे शुल्क ३,६०० रुपये आहे आणि वैयक्तिक लक्ष देण्याचे वेगळे पैसे अजून तरी घेतलेले नाहीत. मी पुढचे तीन महिने भरले आहेत. मज्जातंतूची दुखापत असलेल्याने डॉक्टरांची परवानगी आणि पथ्ये लेखी न्यावीत, म्हणजे तोंडी वाद होत नाही. पट्टे मात्र स्वतःचे न्यावेत. तिथले घामाने इतके कडक झाले आहेत की मनगटाला काचतात.