आखाजीला आलेली लेक आणि आमचे 2,33,500 रुपये

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीतल्या एका घरी कॅनडाच्या व्हिसासाठी 40,000 रुपये भरायची तयारी चालली होती. एजंट फोनवर गोड अहिराणी बोलत होता. ते कानावर पडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं नातेवाइकांपासून लपवलेली गोष्ट म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

2021 ची, कोरोनाच्या लाटेतली गोष्ट. लेक यूएईत, शारजाला असते. चार वर्षांत तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येता आलं नव्हतं. त्या वर्षी नातवंडांची शाळा ऑनलाइन होती, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला ती दोन्ही पोरांना घेऊन आली. महिनाभर राहा, आखाजी करूनच जा, असा हट्ट माझाच. आखाजी होती 14 मेला. त्याआधीच, 24 एप्रिलच्या मध्यरात्रीपासून यूएईने भारतातून येणाऱ्या प्रवाशांना बंदी घातली. आधी म्हणाले दहा दिवस, मग बेमुदत. आखाजीला खापरावरचे मांडे केले, आमरस केला, पण घास कुणाच्या घशाखाली उतरेना. जावई तिकडे एकटे, आणि गावात रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर तिकडचा रहिवासी व्हिसा रद्द होतो, ही धास्ती वेगळीच.

त्या दिवसांत लोक आर्मेनिया, सर्बिया, उझबेकिस्तान अशा तिसऱ्या देशात चौदा दिवस काढून मग दुबई गाठत होते. तशी पॅकेजं खरोखर विकली जात होती. ओळखीतल्या एकाने एका एजंटचा नंबर दिला. मी फोन केला, तर पहिलंच वाक्य: "मी बी धुयानाच शे, ताई." म्हणजे मीही धुळ्याचाच. तिथेच मी अर्धी फसले. आर्मेनियात येरेव्हानला चौदा दिवस हॉटेल, दोन्हीकडची विमानं, सगळं मिळून मोठ्या माणसाचे 1,15,000 आणि मुलांचे 85,000 प्रत्येकी, म्हणजे 2,85,000. जावई म्हणाले होते, "आई, थोडं थांबा, मी इकडून बघतो." मी थांबले नाही. लेकीचा रडवेला चेहरा रोज माझ्यासमोर होता, त्यांच्यासमोर नव्हता.

19 मेला 25,000 बुकिंगचे भरले. 21 मेला माझी मुदत ठेव मोडून 1,60,000. 26 मेला "भाडं वाढलं, आज नाही भरले तर सीट जाईल" म्हणून 48,500. एकूण 2,33,500. उरलेले 51,500 विमानतळावर द्यायचे ठरले होते.

आता ते सांगते, जे आठवलं की आजही रात्री झोप उडते. बँकेत एनईएफटीचा फॉर्म भरताना मी थबकले होते. बिलावर ट्रॅव्हल कंपनीचं नाव आणि खातं एका बाईच्या नावाचं, साधं बचत खातं. मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "जीएसटीचा बोजा तुमच्यावर नको म्हणून मॅडमच्या खात्यात घेतो." आणि मला ते माझ्या फायद्याचं वाटलं! फॉर्मवर मी कंपनीचं नाव लिहिलं, खाते नंबर त्या बाईचा, आणि पैसे बिनबोभाट गेले. नंतर बँकेने सांगितलं की पैसे नंबरावर जमा होतात, नाव जुळवून बघत नाहीत. हे आधी किती जणांना माहीत असतं? (आता नाव आधी पडद्यावर बघता येतं. बघाच. वेगळं दिसलं तर फॉर्म फाडून घरी या.) त्याच बिलावर पत्ता धुळ्याचा आणि जीएसटी नंबर 09 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, 09 उत्तर प्रदेशाचा. पंधरा अक्षरांतली पहिली दोन, तेवढीही मी वाचली नाहीत.

दुसरी खूण 27 तारखेची. व्हॉट्सअपवर तिकीट आलं. पीएनआर टाकला तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तिघांची नावं दिसली. मी देवापुढे साखर ठेवली. पण तिकिटावर "ई-तिकीट नंबर" लिहिलेल्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती, तिन्ही नावांपुढे. बत्तीस वर्षं शाळेत उत्तरपत्रिका तपासल्या, कोरी जागा माझ्या नजरेतून कधी सुटली नाही. ही रेघ मी पाहिली, बोट ठेवून पाहिली आणि पान पुढे सरकवलं. पीएनआर म्हणजे फक्त जागा धरून ठेवली आहे. पैसे भरून तिकीट निघालं की 13 आकडी नंबर येतो. तो नसेल तर तिकीट नाही.

30 मेला सकाळी पीएनआर उघडेना. विमान कंपनी म्हणाली, मुदतीत पैसे न आल्याने बुकिंग आपोआप रद्द झालं. त्याचा फोन बंद.

ऑफिसला जाऊन का बघितलं नाही, असं विचारणाऱ्यांनी तो मे आठवावा. दुकानं सकाळी अकराला बंद, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, तो स्वतःला धुळ्याचा म्हणवणारा. कुठे जाणार होते मी?

पोलीस ठाण्यात त्याच दिवशी गेले. उन्हात बाहेर दोन तास. आत साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःहून पैसे पाठवले, ही फसवणूक कशी?" मग म्हणाले, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आल्याशिवाय खातं गोठवता येत नाही. ठाणं म्हणालं, साहेब बंदोबस्तात आहेत. एफआयआर नाहीच, साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोचही मागून मागून मिळाली. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे तिथे एकाही माणसाने सांगितलं नाही. एकाने तर विचारलं, "शिक्षिका होत्या ना तुम्ही?" त्या वाक्याने पैशांपेक्षा जास्त जाळलं. खातं गोठवलं तोवर 19 दिवस झाले होते आणि आत 312 रुपये होते. आता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 हा नंबर आहे. ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी तो फिरवा, पहिल्या तासाभरातच.

ऑगस्टच्या 5 तारखेपासून तिकडे लस घेतलेल्या रहिवाशांना यूएईने परत येऊ दिलं. लेकीचे दोन्ही डोस शारजातच झालेले होते. जावयांनी तिकिटं स्वतः, विमान कंपनीकडूनच काढली आणि मला पाठवली. झालेल्या प्रकाराबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. तिघांच्या नावापुढे 13 आकडी नंबर होते. मी चष्मा लावून एकेक आकडा मोजला आणि तिन्ही नंबर माझ्या वहीत उतरवून घेतले.