प्यू रिसर्चची धर्म आणि मतदानाची आकडेवारी: फुकट आहे, पण वेळ काढून वापरा

अमेरिकेची निवडणूक झाली की सगळीकडे एकच वाक्य फिरतं, इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम मानणारे कट्टर प्रोटेस्टंट ख्रिश्चन) लोकांनी उजव्या रिपब्लिकन पार्टीला भरभरून मतं दिली, आणि बहुतेकांसाठी विषय तिथेच संपतो. तो पुढे समजून घ्यायचा असेल तर प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या वेबसाइटसारखी दुसरी फुकट जागा मला माहीत नाही. कारण साधं आहे, हे लोक माणसाचा धर्म विचारून थांबत नाहीत, तो प्रार्थनेला किती वेळा जातो हेही विचारतात, आणि मतदानाच्या बाबतीत दुसरा प्रश्न बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त सांगून जातो.

२०२० चंच बघा ना. महिन्यातून एकदा तरी प्रार्थनेला जाणाऱ्यांत रिपब्लिकन ट्रम्पला ५९ टक्के मतं आणि डेमोक्रॅट बायडनना ४०. त्याहून कमी जाणारे किंवा कधीच न जाणारे घेतले तर बायडनना ५८ आणि ट्रम्पला ४०. म्हणजे चित्र जवळपास उलटंच! आणि हे काही ट्रम्पमुळे सुरू झालेलं नाही, २००४ च्या एक्झिट पोलमधेही आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा जाणाऱ्यांपैकी ६४ टक्के रिपब्लिकन बुशकडे होते आणि कधीच न जाणाऱ्यांपैकी ६२ टक्के डेमोक्रॅट केरीकडे.

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा व्हॅलिडेटेड व्होटर्सवाला रिपोर्ट. सर्व्हेत "हो, मी मत दिलं" असं बरेच जण सांगतात, प्रत्यक्षात गेलेले नसतात, म्हणून प्यू त्या लोकांची नावं मतदारांच्या सरकारी नोंदींशी जुळवून बघतं. मत कुणाला दिलं हे अर्थात त्या नोंदीत नसतं, पण माणूस मतदानाला गेला की नाही हे कळतं. फक्त त्याची वाट फार बघावी लागते, नोव्हेंबरच्या निवडणुकीचा रिपोर्ट पुढच्या जूनमधे, २०२० आणि २०२४ दोन्ही वेळा तसंच झालं, आणि तोपर्यंत एक्झिट पोलच्या आकड्यांवर लोकांची मतं पक्की होऊन बसलेली असतात.

आता एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगतो, वंशाप्रमाणे फोड केल्याशिवाय चर्चचा आकडा कुठेही वापरू नका. बातम्यांत रिपब्लिकनांना मत देणाऱ्यांचा जो ८० टक्क्यांच्या आसपासचा आकडा येतो, तो गोऱ्या इव्हँजेलिकलांचा असतो. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट लोकही नियमाने चर्चला जातात, बायबल तेवढंच मानतात, आणि २०२० मधे त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांनी बायडनना मत दिलं. जॉर्जिया, फ्लोरिडासारख्या राज्यांत रविवारची प्रार्थना झाली की तिथूनच सगळे मिळून अर्ली व्होटिंगला, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच्या मतदानाला, जातात, 'सोल्स टू द पोल्स' म्हणतात त्याला. म्हणून चर्च माणसाला उजवीकडेच नेतं हे सरसकट विधान चुकीचं आहे, आणि असं विधान करणारे या माणसांना हिशेबातच धरत नाहीत याचा मला खरंच राग येतो. प्यूच्या टेबलांत हे वेगवेगळं दिलेलं असतं ही मोठी जमेची बाजू.

दुसरी चीज म्हणजे प्यूचाच धर्मावरचा मोठा सर्व्हे, रिलीजस लँडस्केप स्टडी. २००७, २०१४ आणि २०२३-२४ असा तीनदा झाला, दरवेळी ३५ हजारांवर लोक. राज्य निवडा, पंथ निवडा, किती वेळा जातात ते निवडा, लगेच पार्टीचा कल समोर. ख्रिश्चनांचं प्रमाण ७८ वरून ७१ आणि मग ६२ टक्क्यांवर आलेलं दिसतं, अलीकडे ती घसरण जरा थांबल्यासारखी आहे. पण इथे कल मिळतो, प्रत्यक्ष मत नाही, त्यासाठी परत वेगळा रिपोर्ट शोधावा लागतो. दोन्ही एका जागी असतं तर किती बरं झालं असतं. आणि छोट्या राज्यांत सॅम्पल कमी म्हणून मार्जिन ऑफ एरर (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ती मर्यादा) मोठी, ती न बघता आकडा उचलू नका.

मुख्य अडचण मात्र मूळ प्रश्नातच आहे. चर्चला किती जाता असं विचारलं की लोक वाढवून सांगतात. १९९३ मधे हॅडवे, मार्लर आणि चॅव्ह्ज या तीन अभ्यासकांनी प्रत्यक्ष हजेरी मोजून दाखवलं होतं की सर्व्हेत ४० टक्के म्हणत असतील तर खरे जाणारे त्याच्या जेमतेम निम्मे. फोनवर समोर माणूस असला की हे जास्त होतं, ऑनलाइन फॉर्म भरताना कमी. २०१४ चा स्टडी फोनवर झाला होता, नवा बराचसा ऑनलाइन आहे, त्यामुळे हजेरीचे दोन आकडे शेजारी ठेवून थेट वजाबाकी करता येत नाही. प्यू स्वतःच मेथडॉलॉजीत हे सांगतं, पण तिथपर्यंत वाचतो कोण?

शिवाय चर्चमुळे मत ठरतं की राजकारणामुळे चर्च सुटतं, याचं उत्तर या टेबलांतून मिळत नाही. हाउट आणि फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मधेच मांडलं होतं की धर्म आणि उजवं राजकारण एकत्र आल्यामुळे काही उदारमतवादी लोक 'कुठलाच धर्म नाही' असं सांगायला लागले. आधी काय आणि नंतर काय हे कळायला त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारत राहावं लागतं. प्यूचं २०१४ पासूनचं ऑनलाइन पॅनल त्याच पद्धतीचं आहे आणि फुकट अकाउंट उघडलं की बराचसा कच्चा डेटाही डाउनलोड होतो, त्यामुळे ज्यांना आकडेमोड जमते त्यांनी तयार टेबलांवर न थांबता थेट तिथेच जावं.