न्यूयॉर्कचं 'तबला' बंद पडलं, तरी माझ्याकडून पाच स्टार

फ्युजन म्हटलं की आपल्याकडे डोशात चीज घालतात नाहीतर समोशात नूडल्स कोंबतात, त्यामुळे लोकांचा या प्रकारावरचा विश्वासच उडालाय, म्हणून मुद्दाम तबला या इंडियन फ्युजन रेस्टॉरंटबद्दल लिहितोय.

१९९८ च्या शेवटी मॅनहॅटनमध्ये मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर हे सुरू झालं, मालक डॅनी मायर आणि शेफ आपल्या मुंबईचा, मूळ गोव्याचा फ्लॉइड कार्डोझ. तेव्हा तिकडे इंडियन जेवण म्हणजे बहुतेक लोकांसाठी स्वस्तातला बुफे आणि चिकन टिक्का मसाला, आणि हा माणूस हॅलिबट माशाला चक्क पोह्यांचं कोटिंग देत होता, खेकड्याचा क्रॅब केक गोवन मसाल्यात, सोबत पापड, अव्होकाडो आणि चिंचेची चटणी! वाचायला विचित्र वाटतं पण तोंडात घातल्यावर सगळं बरोब्बर जागेवर, कारण आंबटपणा कुठून आणायचा, मिरं कधी घालायचं हे त्याला लहानपणापासून माहिती होतं, वरून फ्रेंच किचनमध्ये तयार झालेला हात. १९९९ ला न्यूयॉर्क टाइम्सने चारपैकी तीन स्टार दिले आणि मग नुसती चर्चा. वरच्या मजल्यावर सगळा थाट, खाली ब्रेड बार, तिथे तंदूरमधून गरमागरम नान यायचे. मला विचाराल तर खालचा भाग जास्त आवडीचा, मोकळेपणाने हाताने खाता यायचं.

मग बंद का पडलं? जेवण बिघडलं म्हणून नाही हे मी ठामपणे सांगेन. दोन मजले मिळून २८० च्या आसपास सीट्स, एवढी जागा रोज रात्री भरायची म्हणजे लोकांनी तिथे दर आठवड्याला यायला हवं, आणि असं जेवण बरेच जण वाढदिवसाला, अॅनिव्हर्सरीलाच खायचे, त्यात २००८ ची मंदी. भाडं, स्टाफ काही कमी होत नाही ना. ३० डिसेंबर २०१० ला शटर खाली. मायरने १९८५ पासून एकही रेस्टॉरंट बंद केलं नव्हतं, तबला पहिलं. हेच ६०-७० सीट्सचं असतं तर अजून चाललं असतं असं मला मनापासून वाटतं.

आणि लगेच २०११ मध्ये याच कार्डोझने 'टॉप शेफ मास्टर्स' या कुकिंग स्पर्धेच्या फायनलला काय केलं तर उपमा! मशरूम, कोकम, नारळाचं दूध घालून, आणि जिंकला. आपला सकाळचा उपमा, अमेरिकेच्या टीव्हीवर, मला तर भरून आलं होतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने तो गेला. पण त्याने पार्टनर्सबरोबर मुंबईत लोअर परळला २०१५ मध्ये बॉम्बे कँटीन आणि नंतर बीकेसीत ओ पेड्रो सुरू केलं होतं. तबलाची चव कशी असेल याचा अंदाज घ्यायचा असेल तर आधी ओ पेड्रोला जा, तिथे गोवा जास्त आहे.