सुरतेचे आजोबा आणि माझे ५८,५०० रुपये

मी जळगावात पोर्ट्रेट करतो. सराफांच्या पेढ्यांवर, रावेर-यावलच्या केळीवाल्यांच्या दिवाणखान्यांत माझी चित्रं लागलेली आहेत. सांगायचं एवढ्यासाठीच, की मी काल ब्रश धरलेला पोरगा नाही. तरी फसलो.

फोनवरचा माणूस अदबीने बोलायचा. म्हणाला, सुरतेचं कापडवाल्यांचं घराणं, मी त्यांचा मुनीम. आजोबा, आजी, वडील अशी तीन तैलचित्रं, प्रत्येकी ६०,०००. घासाघीस नाही. तिथेच शंका यायला हवी होती म्हणाल, तर आमच्या धंद्यात शेठ स्वतः कधी बोलतो? दिवाळीच्या सुट्ट्यांच्या तोंडावर त्याने माझ्या खात्यात १,८०,००० ऐवजी २,४०,००० चा चेक भरला. वरचे ६०,००० फ्रेमवाल्याचे. दीड हजार धावपळीचे ठेवा, बाकी त्याला यूपीआय करा. पुढचं तुम्हाला कळलंच असेल: मी ५८,५०० पाठवले आणि चेक परत आला.

ॲपवर ३,११,३४० दिसत होते. खाली बारीक अक्षरांत ‘काढण्याजोगी शिल्लक ७१,३४०’. ती ओळ मी वाचली नाही. पाठवले ते माझेच. चेक ‘भरला’ आणि ‘वटला’ यात फरक आहे, बँकेत जाऊन तोंडी विचारा. बायको तेच सांगत होती.

पण मला जळतं ते वेगळंच. चित्रासाठी आलेल्या आजोबांच्या फोटोत चेहऱ्यावर उजेड डावीकडून, कोटावर उजवीकडून. डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं. तीस वर्षं उजेडच बघतोय मी! दिसलं होतं हो. पण जुने स्टुडिओवाले गेलेल्या माणसाला असा कोट चढवायचेच, म्हणून मी त्या चोराची चूक सुधारली. कोटावरची सावली फिरवली, कॉलरखाली बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, घातला. घराण्याचं काम असेल तर एक नाही, घरातले चार फोटो मागा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पहिल्या तासात करायचा असतो. मी लाजेपोटी तिसऱ्या दिवशी केला. तक्रार क्रमांक मिळाला, बस्स. सायबरवाले म्हणाले, चेकचं बँकेत बघा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले. पोलीस ठाण्यात तर, “चित्र तुमच्याजवळच आहे ना, मग फसवणूक कसली?” वर एकाने हळूच विचारलं, साहेबांचं एखादं काढून द्याल का? असे पंधरा हेलपाटे. वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं, चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. ते दिवस मी ठाण्याच्या बाकावर घालवले होते. आणि नोटीस कोणाला द्यायची? चेकवरची सही खातेदाराची नव्हतीच.

जास्तीचे पैसे भरून परत मागणारा चोरच, मग तो कितीही ‘दादा, दादा’ करो.

आजोबा ३० बाय ४० इंची कॅनव्हासवर आहेत, भिंतीकडे तोंड करून. वर पांढरा मारून कॅनव्हास वापरणार होतो. बायको म्हणते राहू द्या, पोलीस पुरावा मागतील. अजून कोणी मागितला नाही.