तलावातला गाळ काढायचाय: शासनाचं अनुदान की सीएसआर?

संस्था नोंदलेली आहे, पॅन, बारा-ए आणि ऐंशी-जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा क्रमांक आहे, तीन वर्षांचे ताळेबंद धर्मादाय कार्यालयात दाखल आहेत आणि गावचा पाझर तलाव गाळाने निम्मा भरलाय. अशा संस्थेपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक, मृद व जलसंधारण विभागाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना. दुसरी, जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने कंपनीने सामाजिक कामावर खर्चायचा पैसा. दोन्ही वाटांनी कामं झालेली पाहिली आहेत आणि दोन्ही वाटांनी अडकलेलीही.

योजनेत 2023 पासून गाळ काढण्याचा दर घनमीटरला 31 रुपये आहे. यंत्र आणि इंधन दोन्ही त्यातच बसवायचं. ब्रासच्या (शंभर घनफूट) हिशेबात हा दर 88 रुपयांच्या आसपास येतो. शिवाय अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना गाळ शेतात नेऊन पसरायला घनमीटरला 35 रुपये 75 पैसे मिळतात, एकरी 15,000 रुपयांच्या मर्यादेत, जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. एकरी 400 घनमीटर धरले तर शेतात सुमारे चार इंचांचा थर बसतो. हलक्या, मुरमाड जमिनीला एवढा पुष्कळ झाला. सीएसआरमधून गाळ वाहायला शेतकऱ्याच्या हातात असे पैसे पडलेले मी फारसे पाहिले नाहीत. कंपनी यंत्राचे पैसे देते आणि ट्रॅक्टरभाडं शेतकऱ्यावर राहतं. मग ज्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर, त्याच्याच शेतात गाळ जातो.

सीएसआरचं बलस्थान वेगळं. पैसे बहुधा हप्त्याने, पण आगाऊ मिळतात. कार्यकर्त्याचं मानधन, मोजणी, गावबैठका हा खर्च प्रकल्पात धरता येतो, योजनेच्या दरात त्याला जागा नाही. इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. पाच टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचं मानधन त्यात मोडत नाही. कंपनीचा अधिकारी ‘पगार पाच टक्क्यांतच बसवा’ म्हणाला, तर सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची व्याख्या त्याच्यापुढे ठेवावी.

सीएसआरच्या कागदपत्रांत सीएसआर-1 क्रमांक, म्हणजे निधी घेणाऱ्या संस्थेचा केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडचा नोंदणी क्रमांक लागतो. तो अर्ज विश्वस्ताच्या डिजिटल सहीने आणि सीएच्या प्रमाणीकरणाने भरला जातो. अडतं ते मात्र शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावर. विश्वस्त बदलून वर्ष झालेलं असतं, बदल अर्ज नव्वद दिवसांत दाखल केलेला नसतो, आणि उताऱ्यावर जुनीच नावं दिसतात. हे आधी निस्तरून घ्या.

माझं मत जिथे ठरलं ती अडचण मात्र मार्चची. सीएसआरचा खर्च कंपनीला आर्थिक वर्षात दाखवायचा असतो. संस्थेच्या खात्यात पैसे वर्ग झाले म्हणजे खर्च झाला असं होत नाही. ते कामाला लागल्याची खात्री संचालक मंडळाला करावी लागते आणि मुख्य वित्त अधिकारी तसं प्रमाणित करतो. कंपन्या निर्णय घेतात उशिरा, पैसे येतात डिसेंबर-जानेवारीत, आणि 31 मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला हवा असतो.

आता मार्चमधला तलाव बघा. पोटात कंबरभर पाणी, गुरं तिथेच पाण्यावर येतात, खालच्या विहिरी त्याच पाझरावर. पाणी सोडून द्या म्हणायची कुणाची हिंमत नसते, आणि म्हणूही नये. कडेची जमीन भेगाळलेली दिसते, पण दहा पावलं आत गेलं की पोकलेनची चेन रुतते. मग ती बाहेर काढायला दुसरं यंत्र. पोटातला दाट काळा गाळ एप्रिलच्या मध्यानंतर हाताला लागतो आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाला काम बंद होतं. जेमतेम सहा-सात आठवडे. मार्चची घाई असली की यंत्र कडेकडेने फिरतं. तिथे गाळ वीतभर, खाली मुरूम. प्रमाणपत्रावर घनमीटर भरतात, तलावात पाणी मात्र पूर्वीइतकंच राहतं. आणि काम व्हायच्या आधी यंत्रमालकाला उचल देऊन ‘खर्च झाला’ असं लिहून देणं, हे कुणी कितीही गळ घातली तरी करू नये.

यावर उपाय आहे. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारा, म्हणून संचालक मंडळाने मंजूर केला, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि पुढची तीन वर्षं वापरता येते. तसं नसेल तर सहा महिन्यांच्या आत ती पंतप्रधान मदतनिधीसारख्या निधीत भरावी लागते. मोठ्या कंपन्या बहुवर्षीय मंजुरी देतात. लहान कंपन्या सहसा कचरतात.

शासनाचं वर्षही मार्चलाच संपतं, पण तिथे देयक मोजमापावर निघतं. मे महिन्यात काढलेल्या गाळाचं देयक नव्या वर्षात जातं. त्रास वेगळा: पैसे मागाहून येतात, निधी उपलब्ध होईल तसे. 10,000 घनमीटरचं काम म्हणजे 3,10,000 रुपये काही महिने अडकले असं धरूनच उतरावं.

म्हणून यंत्र तासावर घेऊ नका. समजा पोकलेनचं डिझेलसह ताशी भाडं 1,600 रुपये आहे आणि तीन मिनिटांत एक ब्रासची ट्रॉली भरते. तासाला वीस ट्रॉल्या, ब्रासला 80 रुपये. पण फेरीला अर्धा तास लागत असेल तर वीस ट्रॉल्यांसाठी दहा ट्रॅक्टर रांगेत हवेत. सहाच आले तर बारा ट्रॉल्या आणि ब्रासला 133 रुपये. त्यातून खणलेला गाळ फुगतो, साधारण पाव पटीने. मोजणी खड्ड्याची झाली तर ट्रॉलीचे 80 रुपये खड्ड्याच्या ब्रासला 100 पडतात, दर 88चाच. त्यामुळे यंत्रमालकाशी खड्ड्याच्या मापावर, ब्रासने ठरवावं. देयक निघाल्यावर हिशेब, तोवर फक्त डिझेल. कामाआधीची पातळी अधिकाऱ्यासमोर घ्यावी आणि किती खोल खणलं ते मोजायला मधे मधे न खणलेले मातीचे खांब ठेवावेत. पहिल्या पावसात ते विरघळतात, म्हणून मोजणी मेअखेर उरकावी.

कुणाकडे बहुवर्षीय मंजुरी देणारी कंपनी असेल तर सीएसआर नको असं मी म्हणणार नाही. पण उधारी बोलून पुढे ढकलता येते, तलावातलं पाणी मार्चमध्ये आटवता येत नाही. लहान संस्थेने गाळाचं काम योजनेतून करावं आणि कंपनीकडे मोजणी नि मानधनाचे पैसे मागावेत. त्या खर्चाला मार्च आडवा येत नाही. फक्त तोच घनमीटर दोन्हीकडे दाखवू नये, आणि दोन्हींची बँक खाती वेगळी ठेवावीत. ग्रामपंचायतीचा ठराव जानेवारीत जिल्हा जलसंधारण कार्यालयात पोहोचला तर एप्रिलपर्यंत मंजुरी हातात पडायची आशा धरता येते. कंपनीला पत्र मात्र सप्टेंबरच्या आत द्यावं.