संगीतातील कलाधिष्ठित संशोधन: जळगावच्या कार्यशाळेविषयी

संगीतात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला लघुप्रबंधाचा विषय विचारला, तर एखाद्या घराण्याचा इतिहास किंवा एखाद्या गायकाचे योगदान, असेच उत्तर बहुधा मिळते. आपले स्वतःचे गाणेही संशोधनाचे साधन होऊ शकते आणि अशा संशोधनाला कलाधिष्ठित संशोधन म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्या दृष्टीने जळगावातील एका महाविद्यालयाने बी.ए. आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी भरवलेली दोन दिवसांची कार्यशाळा, काही उणिवा धरूनही, उपयुक्त ठरली.

पहिले सत्र सिद्धांताचे होते. कलेविषयीचे, कलेसाठीचे आणि कलेच्या माध्यमातून केलेले संशोधन ही ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये मांडलेली विभागणी नीट समजावण्यात आली. मात्र उदाहरणे सगळी युरोपातली आणि तीही पाश्चात्त्य वाद्यसंगीतातली असल्याने मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली.

खरा रंग भरला तो दुसऱ्या दिवशी. अहिराणी घरातल्या एका विद्यार्थिनीने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटले जाणारे गीत आधी हार्मोनियमच्या साथीने आणि मग केवळ तंबोऱ्यावर गाऊन, दोन्ही वेळा मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. हार्मोनियमचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या षड्जातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, हे पुस्तकातून तिला ठाऊक होते. परंतु आपला आवाज पेटीच्या मागे नेमका कोणत्या शब्दावर ओढला जातो, हे तिला स्वतःचेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकताना उमगले आणि तिने ते शब्दाशब्दाला टिपून ठेवले. गीत गोळा करून त्याचे स्वरलेखन करणे हे लोकसंगीताच्या अभ्यासकाचे काम. येथे प्रश्न गाताना सुचला होता आणि त्याचा शोधही गाऊनच चालला होता.

मात्र याच ठिकाणी मार्गदर्शक थोडे कमी पडले. हार्मोनियमचे ठरावीक स्वर भारतीय गायनातल्या सूक्ष्म स्वरांना न्याय देत नाहीत, अशा आक्षेपांतून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती. त्या वादाशी हा प्रश्न जोडून दिला असता, तर अनुभवाची नोंद आणि संशोधन यांतले अंतर सर्वांना दिसले असते. नुसती रियाझाची रोजनिशी म्हणजे संशोधन नव्हे. बी.ए.च्या मुलांना तेवढ्यावर सोडले तरी चालेल, पण एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडून पूर्वीच्या कामाचा आढावा आणि स्वतःच्या पद्धतीचे समर्थन मागायला हवे होते. दोन्ही वर्गांना एकाच सत्रात बसवणे ही आयोजकांची सोय, विद्यार्थ्यांची नव्हे.

शेवटी ‘रिसर्च कॅटलॉग’ या विनामूल्य संकेतस्थळाची ओळख करून देण्यात आली. तेथे मजकूर, ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत एकाच पानावर मांडता येतात, त्यामुळे कागदावर न मावणारे गाणे वाचकापर्यंत पोहोचते. त्यासाठी अर्धा तास अगदीच अपुरा पडला.

कार्यशाळा पुन्हा भरली, तर एम.ए.च्या पहिल्या वर्षात असतानाच, लघुप्रबंधाचा विषय ठरण्यापूर्वी, तिला जावे आणि जाताना स्वतःच्या रियाझाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. दुसऱ्या दिवसाचे सारे काम त्यावरच चालते.